देवगिरीवर अल्लाउद्दीन कशासाठी आला? धर्मासाठी की दिल्लीच्या गादीसाठी?

गोदातीर

शाळेच्या सहलीत देवगिरीच्या पायऱ्या चढताना सरांनी सांगितलं होतं, ‘इथे अल्लाउद्दीन आला आणि यादवांचं राज्य बुडालं.’ का आला, याचं उत्तर तेव्हा एका शब्दात मिळालं होतं: धर्म. गेलं वर्षभर हा काळ वाचतोय, आणि ते उत्तर मला पटेनासं झालंय.

1296 साली अल्लाउद्दीन सुलतान नव्हता. सुलतान जलालुद्दीन खिलजीचा तो पुतण्या आणि जावई होता, गंगेकाठच्या कडा प्रांताचा सुभेदार होता. देवगिरीवर चाललोय हे त्याने चुलत्याला कळूच दिलं नाही. मागे कड्याला अलाउल्मुल्क नावाचा माणूस ठेवला आणि तो दिल्लीला बनावट खबरा पाठवत राहिला. हे आपल्याला सांगणारा इतिहासकार झियाउद्दीन बरनी हा त्या अलाउल्मुल्कचाच पुतण्या, म्हणजे माहिती घरातली आहे.

काही हजार घोडेस्वार घेऊन तो एलिचपूरमार्गे, म्हणजे आपल्या अचलपूरवरून, देवगिरीवर येऊन थडकला. यादवांचं मोठं सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामचंद्रराव किल्ल्यात अडकला. फिरिश्ता हा नंतरच्या काळातला इतिहासकार सांगतो की धान्य समजून घाईघाईने वर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं. खंडणी घेऊन हा परत गेला. ना ठाणं बसवलं, ना किल्ला ताब्यात घेतला.

पुढे जे झालं ते माझ्या मते खरं उत्तर आहे. त्याच वर्षी जुलैमध्ये, रमजान चालू असताना, रोजा धरलेला म्हातारा चुलता नावेतून कड्याला भेटायला आला. मायेने पुतण्याच्या गालाला हात लावला आणि तिथेच त्याची मान कापली गेली. मग दिल्लीच्या वाटेवर मुक्कामा-मुक्कामाला मंजनिकातून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, लोकांवर सोनं उधळलं गेलं. ते सोनं देवगिरीचं होतं. त्याला गादी हवी होती, गादीसाठी फौज हवी होती, फौजेसाठी पैसा हवा होता. यात धर्म कुठे आहे?

मोडीवाचक

गोदातीर, घटना तुम्ही नीट मांडल्या आहेत, पण सुरुवात उशिराची धरलीत. देवगिरीच्या तीन-चार वर्षं आधी याच माणसाने भेलसा, म्हणजे आजचं विदिशा, लुटलं. तिथली लोकांच्या पूजेतली धातूची मूर्ती त्याने दिल्लीला नेली आणि ती बदायूँ दरवाज्यापुढे लोकांच्या पायाखाली टाकण्यात आली. हेही बरनीच सांगतो. 1299 साली त्याच्या सरदारांनी, उलुघखान आणि नुसरतखानाने, गुजरात मारलं तेव्हा सोमनाथच्या मूर्तीचं तेच केलं.

नुसती लूट करायची तर धातू वितळवून नेता येतो. मूर्ती शेकडो कोस ओढत नेऊन, जिथून सगळं शहर येतं-जातं तिथे तुडवायला टाकणं, याला पैशाचं कारण पुरत नाही. ज्यांचा देव तुडवला गेला त्यांनी याला राजकारण म्हणावं, अशी अपेक्षा आपण कशी करायची?

गोदातीर

भेलशाची मूर्ती ज्याला नजर केली तो चुलता होता. त्या कामगिरीवर खूश होऊन त्याने अवधचा सुभाही याला दिला, आणि देवगिरीच्या संपत्तीची खबर याला भेलशातच लागली. तेव्हा त्या मूर्तीचा उपयोग दरबारात वजन वाढवायला झाला. सोमनाथचं उत्तर मात्र इतकं सोपं नाही, हे मी मान्य करतो.

सनावळी

मला वाटतं या वादात सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार बयान्याचा काझी मुघीसुद्दीन आहे. सुलतान झाल्यावर अल्लाउद्दीनने त्याला विचारलं, देवगिरीहून मी आणलेली दौलत माझी की बैतुलमालची, म्हणजे सरकारी खजिन्याची? काझी म्हणाला, ती इस्लामच्या फौजेच्या जोरावर मिळाली, म्हणून बैतुलमालची. सुलतान भडकला. मी तेव्हा साधा मलिक, म्हणजे सरदार होतो, माझ्या माणसांना घेऊन ती कमावली, ती सरकारची कशी? काझी बधला नाही. शेवटी सुलतानाने सांगून टाकलं की शरियतीत काय बसतं आणि काय नाही हे मला ठाऊक नाही, राज्याच्या हिताचं दिसेल तो हुकूम मी देतो. आता जीव जाणार म्हणून काझीने घरी निरवानिरव केली होती, पण दुसऱ्या दिवशी त्याचा सत्कार झाला.

म्हणजे देवगिरीची स्वारी धर्मकार्य ठरली असती तर पैसा सोडावा लागला असता. खुद्द अल्लाउद्दीनने ते नाकारलं.

गुजरातहून परतताना जालोरजवळ त्याच्याच फौजेत बंड झालं. नव्याने मुसलमान झालेल्या मोंगलांकडून लुटीतला वाटा सक्तीने वसूल केला जात होता, म्हणून. त्यातले काही पळून रणथंभोरला गेले आणि हम्मीरदेव चौहानाने त्यांना आश्रय दिला. 1301 मध्ये किल्ला पडला तेव्हा त्यांचा म्होरक्या मुहम्मदशाह हम्मीरच्या बाजूने लढत होता.

मोडीवाचक

काझीचा संवाद मीही वाचलाय. पण तो बरनीने अर्ध्या शतकानंतर लिहिला. सुलतानाने काझी-मौलवींचं ऐकावं हा बरनीचा आग्रह होता, त्यामुळे अल्लाउद्दीनच्या तोंडी शब्द कुठले आणि बरनीचे कुठले हे जपून पाहायला हवं. शिवाय त्याच संवादात हिंदू रयतेला कसं दाबून ठेवावं यावर काझी जे बोलतो ते वाचून अंगावर काटा येतो. त्यावर सुलतान हरकत घेत नाही. उलट सांगतो की खूत-मुकादमांना, म्हणजे गावच्या वतनदारांना, मी आधीच इतकं खाली आणलंय की ते चढायला घोडाही बाळगू शकत नाहीत. निम्मं पीक सारा म्हणून घेतलं जात होतं ते कोणाकडून?

आणि अमीर खुसरो? त्याने या मोहिमांचं वर्णन धर्मयुद्ध म्हणूनच केलंय. दरबारी कवी मालकाला आवडेल तेच लिहितो. म्हणजे मालकाला ते आवडत होतं.

वेरूळची वाट

मी दौलताबादच्या जवळच राहते, म्हणून लिहावंसं वाटलं.

किल्ल्यातली जामा मशीद पाहिली असेल तुम्ही. ओळीने उभे खांब, आणि ते खांब देवळांचे आहेत. घडण एका हातची नाही, काही ठिकाणी उंची जुळवायला एकावर एक तुकडे ठेवलेत. दगडावरून हात फिरवला की घासून गेलेली नक्षी बोटांना लागते. आज आत भारतमातेची मूर्ती आहे. दरवेळी तिथे गेले की मला गलबलून येतं, यात मोडीवाचकांशी मी पूर्ण सहमत आहे.

पण ती मशीद अल्लाउद्दीनची नाही, त्याच्या मुलाची, कुत्बुद्दीन मुबारकशाहाची, 1318 च्या सुमाराची आहे. अल्लाउद्दीनच्या बहुतेक काळात देवगिरीच्या गादीवर रामचंद्ररावच होता. खंडणी थकली तेव्हा अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर 1307 च्या सुमाराला आला आणि रावाला दिल्लीला घेऊन गेला. तिथे त्याला छत्र, ‘राय-ए-रायान’ हा किताब, एक लाख टंके आणि नवसारीचा मुलूख देऊन परत पाठवलं. पुढे काफूर वारंगळवर आणि द्वारसमुद्रावर, म्हणजे होयसळांच्या राजधानीवर, गेला तेव्हा रसद आणि वाटाडे देवगिरीने पुरवले. मराठी वाचकाला हे लागतं, मलाही लागलं. ज्या राजाचं नाव ज्ञानदेवांनी गौरवाने घेतलं तोच हा राजा. आणि ज्या साली देवगिरी लुटली गेली त्याच साली आळंदीला माउलींनी समाधी घेतली.

मोडीवाचक

ताई, खांबांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. रामचंद्राला सांभाळलं कारण दिल्लीहून इतक्या लांबचा मुलूख थेट राखणं परवडणारं नव्हतं. तो गेल्यावर शंकरदेवाने खंडणी नाकारली आणि तो मारला गेला. रामचंद्राचा जावई हरपालदेव उठला, त्याची तर मुबारकशाहाने जिवंत कातडी सोलवली.

सनावळी

पण तुमचं पहिलं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. परवडत नव्हतं म्हणून हिंदू राजा ठेवला, हा हिशेब राज्यकर्त्याचा. आणि बंडाची शिक्षा म्हणाल तर दिल्लीतल्या नव-मुसलमान मोंगलांवर संशय आला तेव्हा अल्लाउद्दीनने एका हुकुमात त्यांची कत्तल करवली. तिथे धर्म आड आला नाही.

गोदातीर

मी सुरुवातीला ‘यात धर्म कुठे आहे’ असं लिहिलं होतं. 1296 च्या देवगिरीपुरता मी त्यावर ठाम आहे. सगळ्या कारकिर्दीला ते लावलं ही माझी चूक होती. गुजरातमधलं एक उदाहरण मात्र पुढे ठेवतो. 1313 मध्ये शत्रुंजयच्या जैन मंदिरांची तोडफोड झाली. दोनच वर्षांत समरशाह या व्यापाऱ्याने तिथे जीर्णोद्धार केला, आणि त्याची परवानगी अल्लाउद्दीनचाच सुभेदार अलपखान याने दिली. व्यापाऱ्यांवाचून खंबायतचं बंदर चालणार नव्हतं.

मोडीवाचक

परवानगी दिली हे खरं. आपल्याच देवळाची डागडुजी करायला सुभेदाराच्या दारात जावं लागलं, हेही तितकंच खरं. देवगिरीची पहिली स्वारी गादीसाठी होती, हे तुमचं म्हणणं मी आज मान्य करतो. रणथंभोरची लढाईही धर्मासाठी नव्हती, हेही मान्य. सोमनाथची मूर्ती दिल्लीला का नेली, याला मात्र इथे अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. 1299 मध्ये तो स्वतः सुलतान होता, खूश करायला वर चुलता उरला नव्हता.