लेखापरीक्षणाच्या फिरतीसाठी ५५,००० रुपयांपर्यंतचा लॅपटॉप : मदत हवी आहे

नमस्कार,

मी चिपळूणला राहून सहकारी पतसंस्था, विकास सोसायट्या आणि काही गृहनिर्माण संस्था यांच्या लेखापरीक्षणाचे काम करतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की जुलैअखेरपर्यंत गुहागर, देवरूख, लांजा, राजापूर, कणकवली अशी फिरती सुरू होते आणि घरच्या टेबलावर बसून होणारे काम त्या काळात फार थोडे असते. सध्याच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ठेवीदारांची माहिती अशा यंत्रावर ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून पुढच्या हंगामाआधी दुसरा लॅपटॉप घ्यायचा आहे. करासह सर्व मिळून ५५,००० रुपयांच्या वर जाण्याची तयारी नाही.

कामाला वेगाची फारशी गरज नाही. हिशेबाची टॅलीप्राइम ही प्रणाली, एक्सेलच्या बऱ्यापैकी मोठ्या फायली, पीडीएफ, आयकर आणि जीएसटीची संकेतस्थळे, अधूनमधून एखादी व्हिडिओ बैठक, एवढेच. टॅलीप्राइम विंडोजवरच चालते, त्यामुळे मॅकबुक आणि क्रोमबुक हे पर्याय आपोआप बाद होतात. स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरच्या लॅपटॉपची बॅटरी उत्तम टिकते असे सगळीकडे वाचले, परंतु डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनला (पेन ड्राइव्हसारख्या उपकरणाला) ड्रायव्हर, म्हणजे ते ओळखणारी प्रणाली, लागतो आणि तो त्या प्रोसेसरसाठी वेगळा बनवलेला असावा लागतो. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी टोकन ओळखले गेले नाही तर पक्षकाराला काय सांगणार? तेव्हा इंटेल किंवा एएमडी, एवढे ठरवले आहे.

खरी अडचण विजेची आहे. आमच्या कामाचा जोर आणि कोकणातला पाऊस एकाच वेळी येतात. गावातल्या शाखेत सकाळी गेलेली वीज दुपारपर्यंत येत नाही, आणि संस्थेच्या इन्व्हर्टरवर काउंटरचा संगणक व पासबुकाचा प्रिंटर चालू ठेवायचे असतात, त्यामुळे पाहुण्याने तिथे आपला चार्जर लावणे बरे दिसत नाही. लालपरीत चार्जिंगची आशा नसते. रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात मिळते, परंतु रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत चार्जिंगचा पुरवठा बंद ठेवतात. बॅटरीवर निदान सहा तास काम व्हावे, ही माझी पहिली अट आहे. जाहिरातीतले ‘दहा तास’ कोणत्या हिशेबाने काढतात हे कळत नसल्याने मी आता बॅटरीचे वॉट-तास, म्हणजे तिच्यात मावणारी वीज, पाहू लागलो आहे. माझ्यासारख्या कामाला सरासरी आठ वॉट लागतात असे धरले, तर ४२ वॉट-तासांची बॅटरी पाच तास आणि ५७ वॉट-तासांची सात तास चालायला हवी. हा हिशेब व्यवहारात जुळतो का, हे वापरणाऱ्यांनी सांगावे.

दुसरी अडचण कीबोर्डची असून ती हिशेबाचे काम न करणाऱ्यांना कदाचित क्षुल्लक वाटेल. आकडे भरताना उजव्या हाताखाली अंकांचा वेगळा संच असण्याची सवय आहे, आणि तो सहसा १५.६ इंची लॅपटॉपलाच मिळतो. तसा लॅपटॉप पावणेदोन किलोच्या आसपास जातो, त्यात चार्जर, फायली, डबा आणि छत्री मिळवली की एसटीच्या गर्दीत उभे राहताना खांदा बोलू लागतो. चौदा इंची लॅपटॉप १.४ किलोपर्यंत मिळतो, पण त्याला अंकांचा संच नसतो. शिवाय टॅलीत एफ५ने पेमेंट, एफ६ने रिसीट, एफ७ने जर्नल असे बोट सतत वरच्या ओळीवर असते, आणि हल्लीच्या कीबोर्डवर त्याच कळा दाबल्या की आवाज नाही तर पडद्याचा उजेड कमीजास्त होतो.

बाकीच्या गरजा थोडक्यात सांगतो. टोकन आणि संस्थांचे पेन ड्राइव्ह जुन्या चौकोनी यूएसबीचे असल्याने तशा दोन जागा हव्यात. रॅम १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी पुरे. गेमिंग, ग्राफिक्स कार्ड, स्पर्शाचा पडदा, झगमगते दिवे यांपैकी काहीही नको.

चौकशीअंती तीन पर्याय समोर आहेत. पहिला, रायझन ५ ७५२०यू किंवा ७५३०यू असलेला १५.६ इंची घरगुती वापराचा लॅपटॉप, जो दुकानदार आग्रहाने दाखवतात. दुसरा, लेनोवोचा थिंकपॅड ई१४ किंवा त्याच्या तोडीचा व्यावसायिक मालिकेतला चौदा इंची लॅपटॉप, परंतु रॅमचे भाव चढल्यापासून १६ जीबीचा नग मर्यादेत बसवणे कठीण झाले आहे. तिसरा, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून विकला जाणारा, डेलचा लॅटिट्यूड ५४२० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी८. हे २०२१ च्या सुमाराचे असून निम्म्या किमतीत येतात, पण त्यांच्या बॅटरीचे किती आयुष्य उरले आहे याची शंका वाटते.

नव्या लॅपटॉपच्या बिलावर मला १८ टक्के जीएसटीची वजावट मिळेल, म्हणजे ५५,००० मधले सुमारे ८,४०० रुपये परत येतील. रिफर्बिश्ड घेताना तसे पक्के बिल मिळतेच असे नाही, त्यामुळे दिसणारा फरक वाटतो तेवढा मोठा नाही.

या तिन्हींपैकी कशाकडे वळावे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्याला दुरुस्तीची हमी कोणत्या स्वरूपात घेणे हिताचे ठरेल, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. मी एका कंपनीत संगणकांची देखभाल पाहतो आणि आमची बरीचशी माणसे फिरतीवर असतात, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या पर्यायातले दोन प्रोसेसर आपण एका ओळीत लिहिले आहेत, पण ते एकसारखे नाहीत. एएमडीच्या ७००० मालिकेत तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू मध्ये जुनी झेन २ रचना आणि चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, ७५३०यू मध्ये त्यानंतरची झेन ३ आणि सहा कोअर. दोघांच्या डब्यावर ‘रायझन ५’ असेच छापलेले असते. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम मदरबोर्डवर डकवलेली असते, म्हणून ८ जीबीचा नग घेतला तर तो कायमचा ८ जीबीच राहतो. तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आपला वॉट-तासांचा हिशेब योग्य आहे, फक्त पडद्याचा उजेड पूर्ण ठेवला किंवा व्हिडिओ बैठक चालली तर आठ वॉटचे पंधराही होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लॅपटॉप टाइप-सी वर चार्ज होणारा असावा, आणि हे बॉक्सवरच्या चिन्हावरून न ठरवता दुकानात ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावून पाहावे. स्वस्त घरगुती मॉडेलांत टाइप-सी ची जागा केवळ डेटासाठी असल्याचे पुष्कळदा आढळते. चार्जिंग होत असेल तर आपला विजेचा प्रश्न निम्मा सुटला, कारण २०,००० एमएएच ची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. वाटेतली गळती वजा जाता साठेक हाती लागतात, म्हणजे आपल्या कामाचे आणखी सात तास. मात्र ती ६५ वॉट देणारी हवी. मोबाइलसाठी घेतलेली साधी पॉवर बँक येथे चालणार नाही. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात नेता येते, तेव्हा तिकडूनही अडचण नाही. रेल्वेच्या डब्यात ११० व्होल्ट असले तरी चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेले असेल तर निर्धास्त लावावा.

अंकांच्या संचासाठी पाऊण किलो... नाही, फरक तेवढा नसेल, पण तीन-चारशे ग्रॅम रोज वाहण्यापेक्षा यूएसबीचा सुटा संच घ्यावा. हजार रुपयांच्या आत चांगला मिळतो आणि प्रवासात नको असेल त्या दिवशी घरी ठेवता येतो. वरच्या ओळीचे दुखणे त्याहून सोपे आहे. बहुतेक थिंकपॅडवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की एफ-कळा कायमच्या मूळ कामाला लागतात, इतर कंपन्यांत हीच सोय बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) सापडते. थिंकपॅडवर पेज अप आणि पेज डाउन या कळा बाणांच्या शेजारीच असतात, आणि टॅलीत एका व्हाउचरवरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्या किती लागतात हे आपणास सांगायला नको.

रिफर्बिश्ड घेणार असाल तर दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून बॅटरीचा अहवाल काढावा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. ५३,००० च्या जागी ३५,००० दिसले, तर एक तृतीयांश बॅटरी गेली असे समजून किंमत पाडून मागावी. लॅटिट्यूड ५४२० आणि एलिटबुक ८४० जी८, दोन्हींत रॅमच्या दोन सुट्या जागा आहेत आणि दोन्ही टाइप-सी वर चार्ज होतात, म्हणून निवड चांगली आहे. फक्त त्या काळातले काही नग अंधुक पडद्याचे आले होते. खिडकीजवळ नेऊन पाहावे.

तरीही आपल्या जागी मी दुसरा पर्याय घेईन, तो हमीमुळे. घरगुती मॉडेलांत बहुधा यंत्र सेवा केंद्रात नेऊन द्यावे लागते. व्यावसायिक मालिकेत ऑनसाइट हमी घेता येते, म्हणजे तंत्रज्ञ आपल्याकडे येतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला आपला पिनकोड सांगून ‘येथे ऑनसाइट सेवा मिळते का’ हे लेखी विचारावे, कारण शहरात मिळणारी सेवा आडगावात मिळेलच असे नाही. १६ जीबी परवडत नसेल तर ८ जीबीचा नग घ्यावा, पण रॅमची एक जागा मोकळी असल्याची खात्री करूनच.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी लिहितो. ठेवीदारांची माहिती घेऊन एसटीने फिरणार असाल तर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे परक्याला वाचता येणार नाही अशी कुलूपबंद, असणे आवश्यक आहे. त्यासाठी विंडोज होममध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असते, प्रोमध्ये बिटलॉकर. रिकव्हरी की, म्हणजे अडल्यास डिस्क उघडण्याचा आकडा, कागदावर लिहून घरी ठेवावी, लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे.

धागाकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. ७५२०यू आणि ७५३०यू यांतला हा भेद एकाही दुकानदाराने सांगितला नव्हता. सुट्या अंकसंचाचा सल्ला मान्य आहे, त्यामुळे १५.६ इंची पर्याय मी यादीतून काढला. ऑनसाइट सेवेबाबत कंपनीला चिपळूणचा पिनकोड कळवून विचारणा करत आहे.

एक शंका उरते. हंगामात माझा बराचसा मुक्काम कणकवली-मालवणकडे असतो. लॅपटॉप तिकडे असताना बिघडला, तर ऑनसाइट हमीत नोंदवलेला पत्ता तेवढ्या तक्रारीपुरता बदलून मिळतो का, की तंत्रज्ञ मूळ पत्त्यावरच येतो? ज्यांनी अशी सेवा परगावी प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया सांगावे, कारण ई१४ की रिफर्बिश्ड लॅटिट्यूड हा निर्णय आता याच एका उत्तरावर अडला आहे.