गोल्डन ॲक्सच्या शेवटी सगळे मशीनमधून बाहेर येतात, की मी स्वप्न पाहिलं? (मिसळीची पैज लागली आहे)

चरईचा_धाकटा

नमस्कार मंडळी. प्रश्न गेमचा आहे पण भांडण घरचं आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ लागेल. सांभाळून घ्या.

साल 1992 नाहीतर 93. आम्ही ठाण्यात चरईत राहायचो. मी सहावीत, दादा आठवीत. स्टेशनकडे जाताना एका गल्लीत व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पार्लर कसलं, पत्र्याची शेड, चार मशिनं आणि गल्ल्यावर कायम पेपर वाचत बसलेला मालक. पुढचं शटर पूर्ण उघडं आणि समोर रिक्षा स्टँड. रुपयाला एक कॉईन. आतल्या कोपऱ्यातलं मशीन गोल्डन ॲक्सचं.

नावं आम्हाला कोणाला येत नव्हती. तलवारवाला तो पैलवान, तलवारवाली ती बाई आणि कुऱ्हाडवाला दाढीवाला तो बुटक्या. निळे कपडे घालून पोतं घेऊन पळणाऱ्या चोराला लाथ घातली की जादूची मडकी पडायची, हिरव्याला घातली की खायला मटण. मडकी साठवायची आणि राक्षस आले की एकदम उडवायची. ती दोन पायांची, शेपटीने फटके मारणारी प्राणी होती ना, तिला आम्ही कोंबडी म्हणायचो. "कोंबडी सोडू नको रे!" असं मागून सगळे ओरडायचे, आणि बरोब्बर तेव्हाच ती सुटायची.

आता मुद्दा. आम्हाला पार्लरबंदी होती. बाबा संध्याकाळी ऑफिसातून याच रस्त्याने यायचे. म्हणून आम्ही पाळी लावली होती: एकाने खेळायचं, दुसऱ्याने उसाच्या गुऱ्हाळापाशी उभं राहून बाबांवर नजर ठेवायची. दिसले की शिट्टी. त्या दिवशी खेळायची पाळी माझी, पहाऱ्याची दादाची. माझा रुपया कासवावरच्या गावात संपला, नेहमीसारखा. पण माझ्यानंतर कॉलेजचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने बुटक्या घेऊन गेम संपवला. अख्खा! मी तिथेच चिकटून उभा. शेवटी काय झालं तर गेममध्येच एक गेम पार्लर दिसलं, त्यात मशीनवर पोरं खेळतायत, ते मशीन फुटलं आणि आतून सगळे राक्षस बाहेर पडून रस्त्याने पळत सुटले. मागून आपले तिघे हत्यारं घेऊन त्यांच्या पाठीवर. आणि रस्त्यावर एक रिक्षा होती. हे मला लख्ख आठवतंय.

धावत जाऊन दादाला सांगितलं. तो म्हणाला, "फेकू नकोस." तेव्हापासून आजवर दर दिवाळीला, दर लग्नात, दर मुंजीत हा विषय निघतो. "याच्या गेममधून रिक्षा निघाली होती" असं सांगून तो वहिनीच्या माहेरच्यांनाही हसवतो.

मागच्या महिन्यात मी लेकीबरोबर हा गेम कॉम्प्युटरवर खेळलो. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून सेगाचा जुन्या गेम्सचा संच घेऊन ठेवला होता (2024 च्या डिसेंबरात सेगाने तो विक्रीतून काढला, पण आधी घेतलेल्यांकडे राहिला). तीन रविवार लावून संपवला. शेवटी मशीन नाही, पोरं नाहीत, रस्ता नाही. उलट डेथ ॲडर या मुख्य खलनायकाला मारल्यावर आणखी एक तळघर आणि आणखी एक थोरला राक्षस. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांना खोटं सांगितलंत?"

दादाशी पैज आहे. मामलेदारची मिसळ, तिखटवाली, हरेल त्याने बिल द्यायचं. कोणी तो शेवट पाहिलाय का? खरं काय ते सांगा. माझी बाजू घ्यायची म्हणून सांगू नका.

जुना_कॉईन

मिसळ तुझी. शेवट खरा आहे.

घोळ असा की तू दोन वेगवेगळे गेम खेळलास. पार्लरमधला गोल्डन ॲक्स सेगाने 1989 मध्ये काढला. माकोतो उचिदा याने केलेला. त्यानेच आदल्या वर्षी ऑल्टर्ड बीस्ट केला होता आणि तुमची ती कोंबडी मूळची तिथलीच, तिकडे शत्रू होती, इकडे वाहन झाली. तू लेकीबरोबर खेळलास तो त्याच वर्षी मेगा ड्राइव्ह या सेगाच्या घरी टीव्हीला जोडायच्या गेम मशीनसाठी केलेला अवतार. पार्लरमध्ये डेथ ॲडर मेला की संपलं, आणि मग तू सांगतोस तो मशीन फुटण्याचा प्रकार. घरच्या अवतारात तो काढून टाकला आणि त्याच्या जागी डेथ ब्रिंगर नावाचा आणखी एक राक्षस बसवला. का ते समजायला फार डोकं लागत नाही. पार्लरच्या मशीनमधून राक्षस बाहेर येण्याची गंमत पार्लरमध्ये उभ्या असलेल्यालाच. घरी गादीवर बसून खेळणाऱ्याला काय त्याचं!

पार्लरवाला अवतार बघायचा असेल तर सेगाच्या ॲस्ट्रो सिटी मिनीमध्ये आहे. 2020 मध्ये जपानात निघालेलं छोटं मशीन. त्यात 1992 चा रिव्हेंज ऑफ डेथ ॲडरही आहे. त्यात तुमचा बुटक्या म्हातारा झालाय आणि एका धिप्पाड माणसाच्या खांद्यावर बसून फिरतो. त्या माणसाचं नाव गोआ. आम्ही मित्र त्याला मडगाव म्हणतो.

रिक्षाबद्दल मात्र माफ कर. तिथे रिक्षा नाही.

टायरिसवाली

मला हे आज कळतंय!! मी अख्खं आयुष्य डेथ ब्रिंगरलाच खरा शेवट समजत होते.

कारण पार्लरमध्ये आम्ही मुली जातच नव्हतो. म्हणजे बंदी अशी कोणी घातली नव्हती. जायचंच नसतं हे माहीत होतं. वाशीला मामाकडे मे महिन्यात गेलं की खालच्या मजल्यावरच्या मुलाकडे मेगा ड्राइव्ह होता. तेव्हा तो इथे शॉ वॉलेसमार्फत विकत मिळायचा, किंमत 18,000 रुपयांच्या घरात. माझ्या आईचा तेव्हाचा पगार त्याहून बराच कमी होता. त्यामुळे कंट्रोलर हातात घेण्याआधी साबणाने हात धुऊन यावं लागायचं. त्याची आई दारातच तळवे बघायची, पुढून-मागून.

मी कायम टायरिस, म्हणजे तुमची ती तलवारवाली बाई. मुलगे म्हणायचे तिचा मार कमी. बरोबर, पण तिची जादू सगळ्यांत वरपर्यंत जाते. बुटक्याची थोड्या मडक्यांत संपते, हिची भरतच राहते आणि पूर्ण भरली की ड्रॅगनचं मुंडकं येऊन अख्ख्या पडद्यावर आग ओकतं. फक्त एकदा बटण दाबलं की साठवलेली सगळी मडकी एकदम जातात, त्यामुळे जिवावर बेतेपर्यंत थांबायचं. आणि धाकट्या, कासवावर सारखा मरत होतास ना, तिथे मारामारी करायचीच नसते. कडेला जाऊन उभं राहायचं, पण अगदी टोकावर नाही. समोरचा धावत अंगावर आला की फक्त वर नाहीतर खाली सरकायचं. तो तसाच पुढे जाऊन पाण्यात. मोठे हातोडेवालेही पडतात. मी अर्धा गेम याच युक्तीवर काढलाय आणि मला त्याची काडीचीही लाज वाटत नाही.

आणि हो, सोपा मोड लावून संपवला म्हणून फुशारक्या मारणाऱ्यांना सांगते, तो तिसऱ्या टप्प्यावरच डेथ ॲडरच्या पोराशी लढवून घरी पाठवतो. आमच्या खालच्या मजल्यावरचा चार वर्षं "मी संपवला" म्हणून मिरवत होता. मामीच्या देखत उघडं पाडलं त्याला.

दत्तक_दैत्य

सगळं ठीक आहे, पण मुस्तफापुढे हे सगळे गेम पाणी कम चाय. आमच्या कळव्यात त्याच्या मशीनपुढे लाइन लागायची.

जुना_कॉईन

मुस्तफा ज्यात आहे तो कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स 1993 चा, कॅपकॉमचा. वेगळा धागा काढ, तिथे येऊन भांडतो.

चरईचा_धाकटा

जुना_कॉईन, तुमच्या तोंडात साखर पडो! दादाला लगेच फोन केला. त्याचं म्हणणं, "मशीनचं मान्य. पण पैज रिक्षासकट होती." वकिलाने ऐकावं असा माणूस आहे.

पण मंडळी, मी शपथेवर सांगतो, रिक्षा होती. काळी-पिवळी, तिरकी उभी, पुढचा दिवा लागलेला. राक्षस तिच्यावरून गेले. मी हे तीस वर्षांनी रचत नाहीये. त्याच संध्याकाळी दादाला जसंच्या तसं सांगितलं होतं, तो स्वतःच साक्षीदार आहे.

वागळेचे_सोल्डरकाका

मी वागळे इस्टेटला एका शेडमध्ये बारा वर्षं ही मशिनं दुरुस्त करत होतो. ठाणे, मुलुंड, डोंबिवली, सगळीकडची पार्लरं पाहिलीत. तुम्ही सांगता ते नेमकं पार्लर कोणतं ते सांगता येणार नाही, तशी गल्लोगल्ली होती. पण मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मशीन आत कोपऱ्यात होतं म्हणालात, म्हणजे पडद्याची बाजू रस्त्याकडे होती का? आणि वेळ दिवेलागणीची होती का?

चरईचा_धाकटा

काका, हो. खेळताना आमची पाठ रस्त्याकडे असायची, म्हणून तर पहारेकरी ठेवायला लागायचा. आणि बाबांची यायची वेळ म्हणजे साडेसहा-सात. बहुतेक दिवाळीनंतरचे दिवस, कारण मला स्वेटर आठवतोय. ठाण्यात स्वेटर, पण आईचा आग्रह.

वागळेचे_सोल्डरकाका

मग सापडली तुमची रिक्षा.

त्या मशीनमध्ये टीव्हीची पिक्चर ट्यूब थोडी आत, तिरकी बसवलेली असते आणि पुढे साधी काच. घासलेली, पोरांच्या बोटांनी माखलेली. पडदा उजळ असला की काच दिसत नाही. पडदा काळा झाला की तिचा आरसा होतो. मी दुरुस्तीला गेलो की आधी शटर अर्धं खाली ओढायचो, नाहीतर काळ्या भागात रस्त्यावरची बस दिसायची आणि मला वाटायचं ट्यूबवर डाग आहे. एकदा तर अर्धा तास डिगॉसिंग कॉइल (ट्यूबवरचे रंगाचे डाग घालवायचं वेटोळं) फिरवत बसलो आणि डाग म्हणजे समोरच्या वाण्याची ट्यूबलाइट निघाली. मालकाने त्या दिवशी चहासुद्धा विचारला नाही.

तुमच्या स्टँडवर रिक्षाने दिवा लावला असणार आणि तेव्हाच तो सीन सुरू असणार. ती तुम्हाला दिसली हे शंभर टक्के खरं. आतली नव्हती, एवढंच.

जाता जाता सांगतो. गोल्डन ॲक्सचे काही बोर्ड असे होते की मुख्य प्रोसेसरच्या ठोकळ्यात छोटी बॅटरी असायची आणि प्रोग्रॅम उलगडायची किल्ली त्या बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि धडधाकट बोर्ड मुका. मालक म्हणायचे पावसाने गेला, उंदराने गेला, तुम्हीच बिघडवलात. एकाने माझे अडीचशे रुपये याच कारणाने बुडवले. सगळे बोर्ड तसे नव्हते आणि नकली बोर्डही फिरायचे, त्यांना हे दुखणं नव्हतं. नकली जास्त टिकला म्हणून अस्सलवाल्याने माझ्याशी भांडण काढलेलं आहे.

टायरिसवाली

काका, काचेतली रिक्षा!! अंगावर काटा आला. धाकट्या, दादाला हे वाचायला दे.

चरईचा_धाकटा

दिलं. व्हॉट्सॲपवर धागा पाठवला, आधी निळ्या टिका, मग वीस मिनिटं काही नाही. मग फोन.

पहिल्यांदा म्हणाला, "काका हुशार आहेत." मग म्हणाला, "स्टँडवर दिवा लावून तिरकी उभी असायची ती एकच रिक्षा, पानपट्टीला चिकटून. तिच्या आडून मी बाबांवर नजर ठेवायचो. गुऱ्हाळाजवळ ऊन लागायचं." म्हणजे मंडळी, हा माणूस गुऱ्हाळापाशी कधी उभाच नव्हता! आणि त्या जागेवरून स्टेशनचा रस्ता दिसत नाही, मला चांगलं माहीत आहे. तिथून दिसतं फक्त पार्लर. त्याला म्हटलं, "मग तुला सगळा गेम दिसत असेल." तर म्हणे, "तुझी पाठ दिसायची. जाड्या होतास तेव्हा."

बराच वेळ घासाघीस झाली. निकाल असा: मशीन खरं म्हणून मिसळीचं बिल त्याचं. रिक्षा काचेतली म्हणून ताक आणि जादा पाव माझ्याकडून. रविवारी सकाळी तो नेरूळहून ट्रान्स-हार्बरने येतोय. लेकीने सांगितलंय की ती पण येणार, कारण तिला जादा पाव म्हणजे नेमके किती ते मोजायचे आहेत.