प्रोव्होस्ट म्हणजे नक्की कोण? डीनच्या वरचा की खालचा?

मिरजकर_मामा
नमस्कार मंडळी. भाचा या ऑगस्टला अमेरिकेत पर्ड्यूला एमएस करायला चाललाय, कॉम्प्युटर सायन्स. घरी सगळे धरून बसलेत की पोरगा इंजिनिअरिंगला चालला आणि पत्रात बघतो तर कॉलेज ऑफ सायन्स, झालं, ताईच्या डोक्यात भुंगा की आमच्या इंजिनिअर पोराला बीएस्सीवाल्यांत कशाला बसवलं. त्यात एका मेलखाली हेड, दुसऱ्याखाली डीन, तिसरा प्रोव्होस्टच्या ऑफिसातून. मी इथे कॉलेजात क्लार्क, मला कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य एवढीच उतरंड माहीत. हा प्रोव्होस्ट म्हणजे कुलगुरू का?

चहा_कमी_साखर
अलीगढला होस्टेलच्या हॉलचा जो प्रमुख असतो त्याला प्रोव्होस्ट म्हणतात. भाच्याला सांगा मेस बिल वेळेवर भर 😄

लाफायेटचा_गारठा
मामा, ताईंना आधी शांत करा. पर्ड्यूत सीएस पहिल्यापासून सायन्समध्येच आहे, १९६२ ला सुरू झालेलं ते डिपार्टमेंट, अमेरिकेतलं पहिलं सीएस डिपार्टमेंट म्हणून ओळखतात. कमीपणा वगैरे काही नाही. इलिनॉयला अर्बानाला तेच सीएस इंजिनिअरिंगमध्ये आहे, कुठलं खातं कुणाच्या छपराखाली गेलं तो ज्या त्या विद्यापीठाचा इतिहास.

आता उतरंड. सगळ्यात वर प्रेसिडेंट, तो पैसा उभा करणं, सरकार, माजी विद्यार्थी, सगळं बाहेरचं जास्त बघतो. शिकवणं, प्राध्यापक, अभ्यासक्रम यांचा कारभारी म्हणजे प्रोव्होस्ट. त्याच्या हाताखाली डीन, एकेका कॉलेजचा एक. इंजिनिअरिंग, सायन्स, ॲग्रिकल्चर, फार्मसी, लिबरल आर्ट्स असे. डीनखाली डिपार्टमेंटचे हेड. पण नावांवर जाऊ नका, तिथेच सगळे फसतात. पर्ड्यूत मेकॅनिकलला 'स्कूल' म्हणतात आणि ते इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोटात आहे, बिझनेसलाही 'स्कूल'च म्हणतात पण त्याला स्वतःचा डीन, म्हणजे ते थेट कॉलेजच्या पंगतीला. मला पहिलं वर्षभर हे कळलं नव्हतं.

खरी उतरंड बघायची तर पगार कुणाच्या बजेटमधून जातो आणि नवीन प्राध्यापक घ्यायचा तर जागा कोण मंजूर करतं ते बघा. डिपार्टमेंट माणूस निवडतं, पण डीनने जागा दिल्याशिवाय जाहिरातसुद्धा निघत नाही आणि डीनला पैसा हवा तर प्रोव्होस्टकडे जावं लागतं. टेन्यूअरची, म्हणजे प्राध्यापकाला कायम करायची फाइल पण त्याच जिन्याने वर चढते.

अभ्यासमंडळी
इथे थोडं अडवतो, कारण हे वाचून लोक आपल्याकडच्या डीनशी तुलना करतील आणि घोळ होईल. आपला प्रोव्होस्टच्या सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे प्र-कुलगुरू. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पूर्वीच्या ढीगभर विद्याशाखा मोडून चार केल्या: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानवविद्या, आंतरविद्याशाखीय अभ्यास. प्रत्येकीला अधिष्ठाता, म्हणजे आपला डीन. त्यामुळे फिजिक्स, फार्मसी, इंजिनिअरिंग सगळे एकाच अधिष्ठात्याखाली आणि लॉ बसलंय मानवविद्येत. (मामा, ताईंना हेही सांगा, आपल्याकडेसुद्धा इंजिनिअरिंग आणि बीएस्सी एकाच छपराखाली आहे.)

पण आपल्या अधिष्ठात्याच्या हातात कॉलेजचा पैसा नाही. मी स्वतः अभ्यास मंडळावर होतो, सिलॅबस करायचा, विद्याशाखेतून विद्या परिषदेत पाठवायचा, तिथून मंजूर होऊन आला की कॉलेजांनी शिकवायचा. कॉलेज संस्थाचालकांचं, माणूस संस्था घेणार आणि विद्यापीठ मान्यता देणार, अनुदानित असेल तर पगार सहसंचालक कार्यालयातून. लाफायेटचा_गारठा यांचं पगाराचं गणित इथे लावलं तर अधिष्ठाता त्या जिन्यावर दिसतच नाही. आयआयटीत अजून तिसरंच, तिथे डीन म्हणजे एखाद्या कामाचा डीन, ॲकॅडमिकचा, रिसर्चचा, विद्यार्थ्यांचा. त्याच्या पोटात डिपार्टमेंट नसतात.

लाफायेटचा_गारठा
@अभ्यासमंडळी हे भारी, हा फरक मी कधी असा बघितलाच नव्हता. म्हणूनच माझे सर इकडे आले तेव्हा डीनला भेटायला उगाच बिचकत नव्हते 😅

दोन_खंडांची_सून
अजून एक गोंधळ बाकी आहे, चॅन्सलर. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल, रोजच्या कारभारात नाहीत. बर्कलीला चॅन्सलर हाच कॅम्पसचा खरा प्रमुख, प्रोव्होस्ट त्याच्या खाली आणि प्रेसिडेंट अख्ख्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे सगळ्या कॅम्पसांच्या वर. माझ्या सासऱ्यांनी चॅन्सलरचं पत्र बघून शेजारी सांगितलेलं, गव्हर्नरची सही आहे म्हणून.

मिरजकर_मामा
वा, बरंच कळलं. ताईला सीएसचं १९६२ सांगितलं, आता ती तेच फोनवर सगळ्यांना ऐकवतेय. एक शेवटचं, भाच्याला एखादा विषय बदलायचा झाला तर अर्ज प्रोव्होस्टकडे का?

लाफायेटचा_गारठा
नाही हो मामा, तुम्ही रजेचा अर्ज कुलगुरूंना पाठवता का? डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट ऑफिसला मेल टाकायचा, खाली स्टुडंट आयडी लिहायचा. बहुतेक कामं तिथेच होतात.