मदत हवी आहे : व्हँकुव्हरच्या ओल्या हिवाळ्यासाठी गाडीची तयारी

नमस्कार मंडळी,

व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नाबीत राहायला येऊन दीड वर्ष झालं. पहिला हिवाळा स्कायट्रेनवर, म्हणजे इथल्या मेट्रोवर निभावला. यंदा जूनमध्ये २०१२ ची एक जुनी हॅचबॅक घेतली, सनरूफवाली. सप्टेंबरपर्यंत अगदी गुणी बाळासारखी वागली. ऑक्टोबरात पाऊस लागला आणि एकेक रंग दाखवायला लागली.

मुख्य तक्रार काचेची. सकाळी लेकीला डे-केअरला सोडायला निघालो की समोरची काच आतून वाफ धरते. एका हातात स्टिअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. पुसली की पुढच्या सिग्नलपर्यंत पुन्हा तेच. त्यात पावसाळ्यात चार दिवस न वाळलेल्या कपड्यांचा असतो तसा वास. परवा शेजारच्या सीटपुढे लेकीचा मोजा सापडला, उचलला तर पिळून पाणी निघालं! तिथलं कार्पेट दाबलं की बोटांभोवती पाणी वर येतं. दारं-काचा सगळं नीट बंद असतं.

सल्ले भरपूर मिळालेत. कॅलगरीचा आतेभाऊ म्हणतो ब्लॉक हीटर (थंडीत इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर) लाव, डिकीत वाळूची पोती आणि घोंगडी ठेव. अरे बाबा, तुझ्याकडे उणे तीस, आमच्याकडे रात्री फार तर शून्याच्या आसपास. बर्फ पडतो तो मोजके दिवस, बाकी नुसती रिपरिप. टायरच्या दुकानात गेलो तर त्यांनी चार विंटर टायर आणि वेगळ्या रिम्सचं असं कोटेशन हातात ठेवलं की गाडीच्या किमतीचा तिसरा हिस्सा. डिसेंबरात एकदा व्हिस्लरला, डोंगरातल्या बर्फाच्या गावाला जायचंय, बाकी सगळं शहरातच. टायर खरंच लागतील का? आणि हे पाणी येतंय कुठून?

पुण्यात पावसाळ्याआधी वायपरचं रबर बदललं की आपली तयारी संपायची.

प्रतिसाद १

आधी पाणी, मग टायर. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेट जिथे संपतं तिथे काळी प्लास्टिकची जाळी असते ना, तिथे बघा. गाडी मेपलच्या झाडाखाली लावत असाल तर पानांचा लगदा साचून पाणी जायचं भोक बुजलेलं असणार. मग पाणी हीटरच्या हवेच्या वाटेने आत उतरतं. ग्लोव्ह बॉक्स काढून मागचा केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बघा. तो भिजलेला असेल तर चोर सापडला.

फिल्टर कोरडा असेल तर सनरूफ. त्याच्या कोपऱ्यांतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. कोपऱ्यात हळूहळू मगभर पाणी ओता आणि गाडीखाली पडतंय का बघा. नळी तुंबली असेल तर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत निसटली तर अख्खं छत उतरवावं लागेल. मऊ नायलॉनची दोरी फिरवा.

एक खूण लक्षात ठेवा. पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट थर बसत असेल तर ते पावसाचं नाही, हीटरमधून गळणारं कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आहे. तसं असेल तर थेट गॅरेज.

प्रतिसाद २

अहो, एक विचारतो, रागावू नका. गोल बाणाचं बटण कायम दाबलेलं असतं का? पुण्यामुंबईतून आलेल्या आपल्या सगळ्यांना ती सवय. तिकडे बसचा धूर आत येऊ नये म्हणून आतलीच हवा फिरवत ठेवायची. इथे तसं केलं की आपल्या श्वासाची, ओल्या जॅकेटची वाफ गाडीतच राहते. बाहेरची हवा घ्या, हीटर गरम ठेवा आणि सोबत एसी चालू करा. हो, थंडीत एसी! तो हवेतला ओलावा काढून घेतो. काचही आतून एकदा स्वच्छ पुसा, मळक्या काचेवर वाफ लवकर धरते.

टायरचं म्हणाल तर शहरापुरती सक्ती नाही, पण व्हिस्लरच्या रस्त्यावर १ ऑक्टोबरपासून आहे. एम+एस (चिखल आणि बर्फासाठीची खूण) लिहिलेला, निदान ३.५ मिमी नक्षी उरलेला टायर कायद्याला चालतो. मला स्वतःला तेवढ्यावर घाटात जायचा धीर होणार नाही. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले 'ऑल वेदर' टायर घ्या. 'ऑल सीझन' नव्हे, नावाला फसू नका. हे बारा महिने राहतात, त्यामुळे दुसऱ्या रिम्स नकोत की दर सहा महिन्यांनी अदलाबदल नको.

प्रतिसाद ३

काच धुवायच्या पाण्याचं कुणी बोललं नाही. नळाचं पाणी किंवा उन्हाळी द्रव भरला असेल तर व्हिस्लरला गोठणार. उणे ४० चा भरा. बॅटरी पाच वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या. हीटरचा पंखा, वायपर, मागची काच गरम करणारी तार, दिवे, सगळं एकदम चालतं आणि आपला प्रवास दहा मिनिटांचा, तेवढ्यात बॅटरी पुन्हा पुरती चार्ज होत नाही. आणि दिवे स्वतः लावा. जुन्या गाड्यांत दिवसा पुढचे दिवे आपोआप लागतात, मागचे बंदच राहतात. पावसात मागच्याला आपण दिसत नाही.

धागाकर्ता

सर्वांना मनापासून धन्यवाद. प्रतिसाद २, रागावतो कसला, बटण दाबलेलंच होतं! बायको तेव्हापासून हसतेय.

शनिवारी जाळी उघडली. आतून ओंजळभर काळा चिखल निघाला, त्यात पानांचे देठ आणि चक्क एक अंकुरलेलं बी. फिल्टर ओल्या पुठ्ठ्यासारखा लोंबत होता. भोक मोकळं केलं, मगभर पाणी ओतलं, ते पुढच्या चाकामागे भळाभळा पडलं. कार्पेट उचलून खाली वर्तमानपत्रं कोंबलीत, रोज बदलतोय. वास अजून आहे, काच मात्र आज सकाळी एकदाही पुसावी लागली नाही. ऑल वेदर टायरची ऑर्डर दिली.

आता एकच शंका. मागच्या काचेच्या रबरात हिरवं शेवाळ उगवलंय. ते कशाने काढायचं?

प्रतिसाद १

जुना टूथब्रश आणि कोमट साबणाचं पाणी. प्रेशर वॉशर लावू नका, नाहीतर पाणी आत घुसेल आणि पुन्हा इथेच याल.