कसुती पाहावी ती उलट्या बाजूने

जुन्या लुगड्यावरची कसुती, म्हणजे कर्नाटकाकडचे पारंपरिक भरतकाम, हाताची की यंत्राची हे आता ओळखता येत नाही, असे आपण लिहिले आहे; त्यात थोडी भर घालावीशी वाटते. आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या ट्रंकांत इरकली लुगडी आणि काळ्या चंद्रकळा अजूनही सापडतात, आणि अशा वेळी मी आधी पदर उलटून पाहते. कसुतीच्या गवंती टाक्यात सुई एकाआड एक टाके घेत पुढे जाते आणि परतताना मोकळ्या राहिलेल्या जागा भरत येते, त्यामुळे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. धाग्याला गाठ नसते, आणि कापडावर आधी छाप न उमटवता केवळ ताणा-बाणा मोजून गोपुर, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन उतरवलेले असते. ते पाहताना करणारीच्या नजरेचे खरोखर नवल वाटते. मुरगी हा दुसरा टाका पायऱ्यांसारखा चढत जातो. मेंथे मात्र फुलीचा टाका असल्यामुळे मागून निराळा दिसतो, म्हणून तेवढ्यावरून लुगडे नाकारू नये. यंत्रकामात मागे बहुधा बॉबिनचा पांढरा धागा दिसतो.

लुगडे विरले असले तरी शाबूत पदर मोलाचा असतो, आणि तो कापून पिशव्या शिवण्याची अलीकडची पद्धत मला मनापासून खटकते. त्याला सुती अस्तर लावावे आणि घडी अधूनमधून बदलावी, कारण रेशीम आधी घडीवरच चिरते.