सेव्हरन्स: सही स्वतःच केली तर कंपनीचा काय दोष?

रात्रपाळी_७: 2022 ची सेव्हरन्स ही मालिका आत्ता बघतोय, पाच एपिसोड झालेत, स्पॉयलर नको प्लीज. ल्युमन ही कंपनी मेंदूत चिप बसवून ऑफिसातला माणूस आणि घरचा माणूस वेगळा करते हे कळलं, पण लोक स्वतःहून सही करतात ना, मग कंपनी व्हिलन कशी?

चहाबाज: अरे गोम तिथेच आहे. सही करणारा एक आणि राबणारा दुसराच. तिथे काम करणाऱ्या हेलीचा राजीनामा तिचीच बाहेरची हेली व्हिडिओवर फेटाळते, वर सांगते की मी माणूस आहे, तू नाहीस. मॅनेजरला आवाजही चढवावा लागत नाही!

सदाशिव_पेठी: मला तर ब्रेक रूमने, म्हणजे त्यांच्या शिक्षेच्या खोलीने, जास्त हादरवलं, माफीनाम्याची तीच ती वाक्यं वाचत बसायचं, मनापासून वाटेपर्यंत, आणि ते ठरवणार कोण तर समोर बसलेला साहेब. बक्षीस म्हणजे वॅफल पार्टी. स्क्रीनवरचे आकडे कशाचे तेही त्या बिचाऱ्यांना माहीत नाही.

मधलीसुट्टी: ल्युमनच्या ऑफिसची ती बिल्डिंग खरी आहे बरं का, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलची जुनी बेल लॅब्स ही संशोधन प्रयोगशाळा. पाचवर थांबलायस म्हणजे आज झोप विसर.