अडीच वर्षांच्या मुलीला पुण्यात शनिवार-रविवारी कुठे न्यावं?

सौदागरची आई

नमस्कार. आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. माझं माहेर अमरावतीचं, सासर यवतमाळचं, त्यामुळे आजी-आजोबा सणासुदीलाच भेटतात. मुलगी अडीच वर्षांची आहे. आम्ही दोघं नोकरी करतो, ती आठवडाभर पाळणाघरात असते. सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये रंगीत बॉलच्या हौदात खेळते. तिला ते आवडतं, तक्रार काही नाही. पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत भुलाबाई बसायची, आम्ही टिपऱ्या घेऊन घरोघरी गाणी म्हणत फिरायचो, आणि हिच्या कानावर गाणी येतात ती फक्त मोबाइलमधून. हे मला फार लागतं.

मध्यंतरी एका बालनाट्याला नेलं होतं. अंधार झाला, स्पीकर मोठ्यानं वाजला आणि ती जी रडायला लागली, की बाहेर यावं लागलं. या वयाच्या मुलांना गाणी, वाद्यं, गोष्टी असं काही कुठे मिळतं का? दुपारी एकला ती झोपते, तेवढ्यात घरी पोचायला हवं.

कर्वेनगरचा बाबा

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघा. छोटे सिग्नल, फाटकं, बोगदे, सगळं चालतं. मध्ये दिवे मालवून रात्रीचा देखावा दाखवतात. तुमची लेक अंधाराला घाबरते, तेव्हा त्या वेळी तिला कडेवरच घ्या. पेशवे उद्यानातली फुलराणी ही झुकझुक गाडी १९५६ पासूनची, माझे वडीलही तिच्यात बसलेले. जाण्याआधी चालू आहे का, याची चौकशी करा.

बालवाडीची ताई, शुक्रवार पेठ

मी बरीच वर्षं बालवाडी चालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या वयाच्या मुलाला कार्यक्रम दाखवायच्या मागे लागू नका. खुर्चीत बसून समोर बघत राहणं त्याच्या अंगात अजून आलेलं नसतं. त्याला बघायचे असतात हात. कुणीतरी हातानं काहीतरी करतंय, त्याचा आवाज येतोय, आणि त्यातून एक वस्तू तयार होतेय, हे पाहायला मिळालं तर अडीच वर्षांचं पोर खिळून उभं राहतं.

म्हणून मी कसब्यातली तांबट आळी सुचवीन. तांब्याचे हंडे, घागरी, बंब यांवर हातोडीनं ठोके घालत मठारकाम चाललेलं असतं. गुळगुळीत पत्र्यावर एकेक खळगा उमटत जातो आणि प्रत्येकाचा उजेड वेगळा दिसतो. आवाज मोठा असतो, तेव्हा आधी लांबून ऐकू द्या. ती स्वतः पुढे सरकली तर सरका, नाहीतर परत फिरा. कारागिरांना आधी विचारा, कामाच्या मध्ये उभे राहू नका, आणि परवडलं तर एखादं फुलपात्र घ्या. मग घरी पाणी पिताना तिला आळी आठवेल. पावसाळ्यात, गणपतीच्या आधी, जवळच्याच कुंभारवाड्यात मूर्तींचं काम बघायला मिळतं.

दुसरं ठिकाण राजा केळकर संग्रहालय, बाजीराव रस्त्याजवळ. लोक ते 'लहान मुलांसाठी नाही' म्हणतात, मला अजिबात पटत नाही. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) आयुष्यभर जमवलेला हा संग्रह आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभा केला. तिथे आहे काय, तर घरातल्या वस्तू. दिवे, अडकित्ते, फण्या, पाय घासायच्या वज्र्या, आणि त्यांवर मोर, हत्ती, घोडे, पोपट. अडीच वर्षांच्या मुलीला याहून ओळखीचं दुसरं काय असणार? पण सगळं बघायचं नाही. दिव्यांच्या दालनात जा, 'मोर कुठे आहे?' म्हणून शोधायला लावा, मग वाद्यं बघा. अर्ध्या तासात बाहेर पडा, तिची इच्छा शिल्लक असतानाच.

तुम्हाला प्रवासही सोपा आहे. नाशिक फाट्याला मेट्रोत बसलात की थेट मंडई. वरून जाणारी गाडी शिवाजीनगरच्या आधी जमिनीखाली शिरते, तेव्हा तिचा चेहरा बघा. मंडईची १८८६ ची दगडी इमारत, मधला आठ कोनी मनोरा, आणि खाली भाज्यांचे ढीग. एक लिंबू तिच्या हातानं विकत घेऊ द्या. तिथून केळकर संग्रहालय चालत जाण्यासारखं आहे. मात्र एका सकाळी एकच ठिकाण. दोन केलीत की दोन्ही वाया.

आणि भुलाबाईचं म्हणाल, तर ती शोधायला बाहेर कशाला जायचं? तुम्हीच बसवा ना! आमच्याकडे नवरात्रात भोंडला असतो. पाटावर हत्तीचं चित्र, भोवती फेर, शेवटी डबा हलवून आतली खिरापत ओळखायची. तुमच्या भुलाबाईतही खाऊ ओळखायचा असतोच. सोसायटीतल्या चार आयांना बोलवा, डब्यात शेंगदाणे घाला, हलवा, चुरमुरे घाला, हलवा. आवाजावरून ओळखायचा हा खेळ या वयाला इतका चपखल बसतो, की मी बालवाडीत तो वर्षभर खेळायचे. शब्द विसरला असाल तर अमरावतीला आईला फोन लावा आणि तिच्याच आवाजात गाणी भरून घ्या.

सौदागरची आई

ताई, वाचताना डोळे भरून आले. आज रात्रीच आईला फोन करते. दोन शंका आहेत. पेठांमध्ये बाबागाडी चालेल का? आणि गणपतीत ढोल-ताशा दाखवावा का? नवऱ्याला फार हौस आहे.

बालवाडीची ताई, शुक्रवार पेठ

बाबागाडी घरी ठेवा. फुटपाथ अरुंद, त्यावर दुचाक्या. पाठीला बांधायची झोळी किंवा बाबांचे खांदे बरे. घरून निघताना शू करवून आणा, कोरडी चड्डी पिशवीत ठेवा.

ढोलाच्या पथकाजवळ एवढ्या लहान मुलाला नेऊ नये, हे मी ठामपणे सांगते. शेजारच्याशी बोलायला तुम्हाला ओरडावं लागत असेल, तर तो आवाज तिच्या कानांना जास्त आहे. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात सराव चालतो, तो लांबून, पुलावरून ऐकवा. कसबा गणपतीला अगदी सकाळी जा, गर्दी व्हायच्या आत.

खरं तर तिला वाद्यं दाखवायची तर पालख्यांचा मुक्काम सोडू नका. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत उतरते. त्या दिवशी पेठांमधल्या शाळा-देवळांत दिंड्या असतात. मिरवणुकीच्या गर्दीत घुसण्यापेक्षा सकाळी अशा एखाद्या दिंडीपाशी जाऊन बसा. कुणी वारकरी आजी तिच्या हातात टाळ देतीलच.

प्रकाशयोजनेवाला

बालनाट्याबद्दल थोडंसं. तुमची मुलगी रडली यात तिचं काही चुकलं नाही. आपल्याकडची बरीचशी बालनाट्यं शाळकरी मुलांसाठी असतात. मोहन आगाशे यांनी १९८६ मध्ये बर्लिनहून पुण्यात आणलेली ग्रिप्सची नाटकं मला अतिशय प्रिय आहेत, पण तीही शाळेत जाणाऱ्या मुलांच्या प्रश्नांवरची. अजून दोन-तीन वर्षं थांबा. तोवर न्यायचंच असेल तर तिकिटं काढताना विचारा की मध्ये पूर्ण काळोख होतो का. दाराजवळची, कडेची खुर्ची घ्या.

कोकणात जाणार असाल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला थांबा. तिथल्या ठाकर कलाकारांकडे कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या गोष्टी, आहेत. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुली अगदी जवळून बघता आली तर मुलं घाबरत नाहीत, दोरी कोण ओढतंय हेही त्यांना दिसतं.

सौदागरची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. येत्या शनिवारी मेट्रोनं मंडई आणि संग्रहालय, तांबट आळी त्याच्या पुढच्या वेळी. भुलाबाईसाठी सोसायटीतल्या दोघी आताच तयार झाल्या आहेत, त्यातली एक जळगावची आहे. तिला आमच्याकडे नसलेली गाणी येतात.

बालवाडीची ताई, शुक्रवार पेठ

मग जळगावच्या ताईंची गाणी इथे लिहून टाका. मलाही हवी आहेत.